पाळलेला उतारा

१

सकाळी उठलं की चहाच्या आधी टाकीला पाणी, हा माझा नेम आहे. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं. मग ते तांब्याने घेऊन टाकीत तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या झाकणावर हळूहळू ओतायचं. थेट ओतलं तर तळाची माती उठते. माती उठू द्यायची नाही, हे मी फार वाईट अनुभवातून शिकले, पण ते नंतर सांगते.

हा उद्योग सुरू झाला सिंहस्थाच्या आदल्या वर्षी. मी तेव्हा नाशिकच्या सिडकोतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. प्रदर्शनासाठी मुलांनी फिश टँक आणला होता. खाली निळेजांभळे खडे, वर प्लास्टिकची झाडं आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा एक बेडूक. मला ते बघून चीड आली. नदीतला मासा काय या बेडकाच्या भरवशावर जगतो? मी मुलांना म्हटलं, पंप नको आणि फिल्टर नको, मी तुम्हाला नदीचा तुकडाच करून दाखवते. प्रदर्शन झालं, मुलं पांगली आणि टाकी माझ्या गळ्यात पडली ती पडलीच.

आमचं घर बैठं, त्रिमूर्ती चौकाच्या मागे. लोखंडी फाटक, हातभर अंगण, मग दार आणि दाराशेजारी मोठी काचेची खिडकी. आत हॉल. माणसं चार. मी आशा. माझा नवरा महेश ओझरला विमानाच्या कारखान्यात, रोज कंपनीच्या बसने जाणारा. सासूबाई, म्हणजे सगुणाबाई, राहायला आमच्याकडे आणि जीव सायखेड्यात. आणि सृष्टी, आमची एकुलती एक, जिची बारावी झाली होती आणि जिला पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं. तिला पुण्याला पाठवायचं हे मी ती पाचवीत असल्यापासून ठरवलेलं. मला कोणी पाठवलं नव्हतं.

टाकीसाठी माती सायखेड्याची आणली, आमच्या मळ्याच्या बांधाखालची, गोदावरीकडची. चाळली, भिजवली, वर आलेल्या काड्या ओतून टाकल्या. दोन बोटं जाड थर, त्यावर धुतलेली वाळू. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया, ज्यांच्या आकृत्या काढून मुलांचे हात दुखतात त्याच वनस्पती, नदीतून उपटून लावल्या. टाकी ठेवली खिडकीसमोरच्या भिंतीला, सकाळचं ऊन पडेल अशी. पाणी आधी गढूळ होतं, मग चहासारखं झालं आणि एक दिवस इतकं नितळ झालं की आत पाणी आहे का हे बघायला सृष्टीने बोट बुडवलं. ऊन आलं की पानांवर बुडबुड्यांचे बारीक मणी धरायचे. गोगलगायी न बोलावता आल्या. बी.एड.चा निकाल लागला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

२

मासे सासूबाईंच्या भाच्याने, सावळीरामने, दुधाच्या किटलीतून आणले. नदीतलेच, बोटभर लांबीचे, रुपेरी, शेपटीपाशी काळा ठिपका. चारही एका साच्यातले. मी किटली कलती करणार तोच सासूबाई पुढे आल्या.

"थांब. असं नको सोडू."

त्यांनी एक मासा पाण्यासकट तांब्यात घेतला, सृष्टीला पाटावर बसवलं आणि दृष्ट काढतात तसा तांब्या तिच्या डोक्यावरून पायापर्यंत उतरवला. तोंडाने काहीतरी पुटपुटल्या आणि मासा टाकीत सोडला.

"आई, काय करू राहिल्या?" महेशने पेपरातून विचारलं.

"घरावरचं वाईट मासं अंगावर घेतं. सुलाबाईकडचा मासा मेला अन् तिचा नातू तापातून उठला. मग ज्याच्या त्याच्या नावानं सोडलेलं काय वाईट हाय?"

दुसरा मासा महेशवरून उतरवला, तिसरा माझ्यावरून. चौथा सासूबाईंवरून सृष्टीने उतरवला, हसू दाबत. मी विचारलं, "माझा मासा मेला तर मला शाळेतून रजा मिळंल का?"

"हसू नको आशा. ते मरंल, तू जगशील. तेवढ्यासाठी करू राहिले."

सृष्टी टाकीसमोर उकिडवी बसली आणि तिने काचेवर नखाने टिचकी मारली. तीन मासे जागचे हलले नाहीत. एक मात्र बाणासारखा मागे पळाला आणि झाडांच्या आड गेला.

"टिचकी मारू नकोस," मी म्हटलं. "आत त्यांना ते केवढं मोठं ऐकू येत असेल."

"तो पळाला ना मम्मी, तो तुझा," सृष्टी म्हणाली. "तूच अशी दचकतेस."

मी तिला रागे भरले, पण तिला खोडच लागली. येता-जाता टिचकी. तो एक मासा दर वेळी पळायचा.

३

टाकी उत्तम चालली. काही मेलं नाही, काही सडलं नाही. आठवड्याला झाडांची वाढलेली टोकं कातरायची, जुन्या टूथब्रशने काच पुसायची, चिमूटभर खाणं. विणायच्या सुईने माती टोचली की तळातून बुडबुडे यायचे. बाकी टाकीला आवाजच नव्हता. दुकानातल्या टाक्या घरघरतात. आमची गप्प होती.

खटकली ती एक बारीकशी गोष्ट. या जातीचे मासे घोळक्याने हिंडतात. नदीत बघा, एक वळला की सगळे वळतात. आमचे चौघे कधी एकत्र दिसायचे नाहीत. एक पुढच्या काचेशी, खिडकीच्या बाजूला. एक वर, पाण्याच्या पृष्ठभागाखाली. एक तळाशी वाळूला पोट टेकून. आणि एक झाडांच्या मागे. ज्याची त्याची जागा. मी स्वतःला सांगितलं, जागा लहान असली की प्राणी हद्दी आखतात. वर्गात हेच शिकवते की मी.

त्याच दिवसांत सासूबाई सायखेड्याला निघाल्या आणि द्वारकेच्या नाक्यावरून रिक्षा परत वळवून आल्या. म्हणाल्या, छातीत कोंडल्यासारखं झालं. वय झालं, मी म्हटलं. पुढल्या खेपेला त्या त्रिमूर्ती चौकापर्यंतच गेल्या. मग त्यांनी सायखेड्याचं नावच काढणं सोडलं, आणि सायखेड्याचं नाव न काढणाऱ्या सासूबाई मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिल्या.

महेशचं तसंच. आधी शनिवारी मित्रांकडे जाणं बंद झालं. मग बसमध्ये कसंतरी होतं म्हणून रजा. रजेवर रजा. घरात असला की ठणठणीत. आरामखुर्चीत मान मागे टाकून तो वर छताकडे बघत राहायचा. "सिंहस्थासाठी सगळे रस्ते खोदलेत, धूळ किती आहे बाहेर," तो म्हणायचा. धूळ होतीच. मी ते कारण मनापासून मान्य केलं. कारण मिळालं की मला बरं वाटतं.

हॉलमध्ये आता बराच वेळ कोणी बोलत नसे. आणि बोललं तरी आवाज कापसातून आल्यासारखा यायचा.

४

सृष्टीला पुण्याला प्रवेश मिळाला. हॉस्टेलही मिळालं. मी तिच्यासोबत बसने निघाले. महेश फाटकापर्यंत आला आणि तिथूनच त्याने हात हलवला.

नाशिकरोड मागे पडलं तोवर सृष्टी बडबडत होती. हॉस्टेलच्या खोलीत कोण असेल, मेसचं जेवण कसं असेल. शिंदे गाव गेलं आणि ती बोलता बोलता थांबली. मी पाहिलं तर तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं. आवाज नाही. डोळे माझ्यावर. मी खिडकी सगळी उघडली, वारा भसाभस आत येत होता आणि माझी पोर त्या वाऱ्यात हवेसाठी तडफडत होती.

कंडक्टरने बस थांबवली. उलट्या दिशेच्या जीपने आम्ही परत फिरलो. नाशिकरोडला तिला जरा श्वास आला, त्रिमूर्ती चौकात रंग आला आणि घरात शिरली तशी ती सोफ्यावर बसून रडली. "मम्मी, मी मरत होते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, काही निघालं नाही. पहिल्यांदा घर सोडताना मुलींना होतं असं, म्हणाले. आठवड्याने पुन्हा निघालो. पुन्हा शिंदे गावच्या पुढे तेच.

त्या दुपारी मी काच पुसायला टाकीशी बसले. पुढच्या काचेशी असणारा मासा तिथेच होता. त्याच्या नाकाडावरचे खवले गेले होते. लाल, सोललेलं मांस दिसत होतं. अंगाला किडे लागले की मासे घासतात, हे मला माहीत आहे. पण ते कुशी घासतात, दगडाला घासतात. हा फक्त तोंडाने घासत होता, आणि काचेला.

बाकी तिघांना काही झालं नव्हतं. मी ब्रश बादलीत टाकला आणि काच न पुसताच उठले.

५

कॉलेजातून फोन आला. सोमवारपर्यंत हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला देणार. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. ती इथेच राहील, या हॉलमध्ये, आमच्यासारखी. तिचं वय अठरा.

गोजराबाई त्याच दिवशी आल्या. सासूबाईंची थोरली बहीण, सायखेड्याची. धाकटी येत नाही म्हटल्यावर थोरली बघायला आली. पाणी प्यायल्या, टाकीकडे बघत राहिल्या. सासूबाईंनी कौतुकाने सांगितलं, कोणाचा मासा कसा कोणावरून उतरवला.

गोजराबाईंनी पेला खाली ठेवला.

"उतारा टाकत्यात, सगुणा. घराबाहेर, तिठ्यावर, नाहीतर वाहत्या पाण्यात. टाकून मागं न बघता येत्यात. तू तो घरात पाळला?"

महेश म्हणाला, "मावशी, काय येडेपणा लावला." पण त्याची नजर पृष्ठभागाखालच्या माशावर होती.

मी विज्ञानाची बाई. मला उतारा कळत नाही, पण प्रयोग कळतो. मी टाकीसमोर स्टूल घेऊन बसले आणि सृष्टीला सांगितलं, दारातून बाहेर जा, फाटक उघड, चौकाकडे चालत राहा, धाप लागली की परत फीर. ती दाराबाहेर पडली तसा पुढच्या काचेशी असलेला मासा काचेला धडकला. तिने फाटक उघडल्याचा आवाज आला आणि तो पुन्हा धडकला. मग तो वर गेला आणि पाण्याबाहेर तोंड काढून उघडमीट करू लागला. मी ते तोंड ओळखलं. बसमध्ये पाहिलं होतं.

"सृष्टी, परत ये," मी ओरडले.

मग महेशला पाठवलं. तो कुरकुरत गेला. पृष्ठभागाखालचा मासा वेडावाकडा फिरू लागला. सासूबाईंना उठवायची गरज नव्हती. माझ्यावर प्रयोग करायला मी कोणाला सांगितलं नाही. माझा मासा झाडांच्या आड होता, काचेकडे कधी फिरकत नव्हता, आणि मी रोज शाळेत जाऊन येत होते. जे चाललंय त्याला हात लावू नये.

६

रविवारी सकाळी सावळीराम जीप घेऊन आला. मासा पकडायला त्रास झाला नाही. मी स्टीलचा डबा पाण्यात धरला आणि तो आपणहून आत आला. डबा सृष्टीच्या मांडीवर. शिवाय तिची बॅग, गादी, बादली. महेश दारात उभा राहून तिच्याकडे असा बघत होता की तो सोबत येत नाही याचा मला रागही आला नाही.

सासूबाई म्हणाल्या, "माझं तसंच राहू दे आशा. मला आता कुठं जायचं राहिलंय." आणि सृष्टीच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "सोडलं की मागं बघू नको."

सायखेड्याला, जिथली माती आणली होती त्याच बांधाखाली, ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि डबा कलता केला. मग वळली आणि सरळ जीपकडे चालत गेली. एकदाही मागे बघितलं नाही. आजीची आज्ञा तिने पाळली.

मी वळून पाहिलं. पाहणारच. मासा प्रवाहात गेला की नाही, हे कोणीतरी बघायला हवं. तो गेला नव्हता. काठाजवळच्या वीतभर पाण्यात थांबला होता, तोंड आमच्याकडे करून. नाकाडावरची ती लाल जागा वरून स्पष्ट दिसत होती. मी हात हलवला, जा म्हणून. तो सावकाश वळला आणि गढूळ पाण्यात दिसेनासा झाला.

सावळीरामने आम्हाला आडवाटेने सिन्नरला आणलं आणि तिला पुण्याच्या बसमध्ये बसवलं. खिडकीतून तोंड बाहेर काढून ती भरभरून श्वास घेत होती, मला दाखवायला, गाल फुगवून. मी स्टँडवर उभी राहून हसले आणि बस दिसेनाशी झाल्यावर खूप रडले. संध्याकाळी फोन आला. "मम्मी, मला इतकं मोकळं वाटतंय ना."

मी फोन ठेवून टाकीकडे गेले. पुढच्या काचेशी, खिडकीच्या बाजूची जागा रिकामी असायला हवी होती.

तिथे एक मासा होता. झाडांच्या मागे कोणी नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी शाळेत निघाले आणि त्रिमूर्ती चौकात खाली बसले. लोकांनी पाणी दिलं. तोंडाशी आलेलं पाणी बघून मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

सावळीरामला मी पुन्हा बोलावलं. म्हटलं, आमचे तिघांचेही मासे नेऊन सोड, आम्ही मागून जीपमध्ये बसतो. तो जाळी घेऊन आला. पण हे तिघे सृष्टीच्या माशासारखे डब्यात आले नाहीत. जाळी बघून वाळूत घुसले. सावळीरामने वाळू उकरली आणि खालची काळी माती उठली. क्षणात टाकी काळी झाली, घाण वास सुटला. सासूबाई पलंगावरून घसरल्या. महेशने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि मान मागे टाकली. माझ्या डोळ्यांपुढे काळं आलं, खरंच काळं, कणाकणांचं, खाली बसत जाणारं.

"बाहेर काढ हात," मी कशीबशी म्हणाले.

पाणी नितळ व्हायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस आम्ही तिघं कसे होतो ते मला सांगता येणार नाही. तेव्हापासून माती उठू देत नाही. टाकीत हात घालायचा तो मीच, आणि हलक्या हाताने. झाडं कातरते, काच पुसते, झाकणावर तांब्याने पाणी ओतते. मी चुकले तर तिघांचं चुकणार. शाळेची नोकरी सुटली. कोणी म्हणतं, आशाबाई घरातच रमल्या.

एक समाधान होतं. पोर बाहेर होती. दिवाळीला येणार होती.

८

वसुबारसेच्या सकाळी रिक्षा थांबल्याचं ऐकलं आणि मी धावत जाऊन दार उघडलं. सृष्टी फाटकातून आत आली. उन्हाने रापली होती, केस कापले होते, खांद्यावर बॅग. दोन पावलं पुढे आली आणि थांबली. तिचा हात छातीवर गेला. ती मागे सरकली, फाटकाशी गेली, पुन्हा पुढे आली, पुन्हा तेच. उघड्या दारातून आमच्या घरातली हवा बाहेर जात होती. ती हवा तिला चालत नव्हती.

मी पुढे झाले, तिला धरायला. उंबऱ्यापलीकडच्या पायरीवर माझा श्वास अडला.

आम्ही दोघी हातभर अंतरावर उभ्या होतो आणि दोघींची तोंडं उघडमीट करत होती.

महेशने मला आत ओढलं आणि दार लावलं. दार लागल्यावर तिला श्वास आला, हे मी काचेतून पाहिलं. मग ती अंगणातून खिडकीपाशी आली. मी आतून खिडकीपाशी गेले. खिडकी उघडून पाहिली तर ती खोकत मागे हटली, म्हणून पुन्हा लावली. ती काहीतरी बोलत होती. आवाज येत नव्हता, नुसती घुमघुम. मी काचेला नाक लावलं. ती मला फार मोठी दिसत होती, तिचा चेहरा सगळी खिडकीभर.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग मला हसवायला म्हणून तिने लहानपणी करायची तसा चेहरा केला, बोट वर उचललं आणि नखाने काचेवर टिचकी मारली.

तो आवाज. तो आवाज केवढा मोठा असतो, ते मी तिला उगीच सांगत नव्हते.

मी भानावर आले तेव्हा हॉलच्या अगदी मागे, मधल्या दाराच्या पडद्याआड उभी होते. पाठ भिंतीला लावून. त्या दिवशी खिडकीशी किंवा टाकीशी मी पुन्हा जाऊ शकले नाही. पडद्याच्या कडेने मला दिसत होतं, सृष्टीने दोन्ही हात डोळ्यांभोवती धरून काचेला लावले होते आणि ती आत बघत होती. ती मला शोधत होती.